मधूनच दम सोडणारी मोटार

मोटार कायमची बंद पडली तर तिचे निदान फारसे अवघड नसते. तुटलेला भाग तुटलेलाच राहतो. मिस्त्री येतो, एकेक जागा तपासतो, दोष सापडतो. खरी पंचाईत करते ती मधूनच अडणारी गाडी. चढावर दम सोडते, चार आचके देते, बंद पडते. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवावी तर काही झालेच नाही अशी सुरू होते! तापाने फणफणलेले मूल डॉक्टरांच्या ओट्यावर पोचताच हसू-खेळू लागते ना, तशी ही गाडी गॅरेजच्या दारात अगदी सुरळीत चालते. मग मिस्त्री अंदाजाने प्लग बदलतो. पुढच्या खेपेला कॉइल, त्यापुढच्या खेपेला कार्बोरेटर. मालकाचा पैसा जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मारुती आठशेचेही त्याच वर्षी; पण गावोगावच्या वाड्यांत आणि गोठ्यांच्या कडेला या गाड्या, आणि कुठे कुठे पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्या, उभ्या दिसतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे तर तीच गाडी. अशी गाडी तुळजापूरच्या घाटात वळणावर बंद पडणे म्हणजे नुसता खोळंबा नव्हे. ज्या गाड्यांत ब्रेकला इंजिनच्या ओढीची मदत मिळते, त्यांत इंजिन थांबले की दोन-तीन दाबांनंतर ब्रेकचे पेडल दगडासारखे कठीण होते. ब्रेक तेव्हाही लागतो, पण पायाचा सगळा जोर घालावा लागतो. ही गोष्ट चालवणाऱ्याला आधी माहीत असलेली बरी. पेट्रोल वाचवायचे म्हणून घाट उतरताना इंजिन बंद करणारेही काही महाभाग आहेत. त्यांच्यापुढे हात जोडावेत, दुसरे काय!

आता निदानाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनाला योग्य वेळी तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. मधूनच अडणाऱ्या गाडीत यांपैकी एक गोष्ट मधूनच कमी पडते. कोणती, हे ठरवायला आपल्या जुन्या नैयायिकांची रीत फार उपयोगी आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असले की कार्य असते, हा अन्वय; कारण नसले की कार्य नसते, हा व्यतिरेक. शिक्षक मंडळींना हे नवे नाही. मात्र ही रीत वापरायची तर टिपण हवे. गाडीत एक वही ठेवा. गाडी अडली की वेळ, ऊन की पाऊस, किती किलोमीटर चालली होती, चढ होता की सपाटी, टाकीत पेट्रोल किती होते, आणि मुख्य म्हणजे कशी बंद पडली, एवढे लिहा.

‘कशी’ याला मोठे महत्त्व आहे. घरातला दिवा बटण दाबताच विझावा तशी गाडी एका क्षणात बंद पडली, तर संशय विजेवर घ्यावा: बॅटरीची ढिली पट्टी, अर्थिंगची गंजलेली तार, किल्लीचे झिजलेले स्विच. खड्ड्यात आदळल्यावर हे घडत असेल तर संशय आणखी बळावतो. अशा वेळी हॉर्न वाजवून पाहा, समोरचे दिवे लागतात का पाहा. उलट, तेल संपत आलेल्या कंदिलासारखी गाडी आचके देत, ओढ कमी कमी होत थांबली, तर बहुधा पेट्रोल पुरेसे पोचत नाही. हा नियम सोळा आणे नाही, पण बारा आणे तरी खरा आहे. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे ओढत नाही, असे असेल तर इंजिनला दोष देऊ नका. तिथे क्लच घसरतो आहे.

एक उदाहरण सांगतो. ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाकडे जुनी पेट्रोल जीप होती. सोलापूरहून येताना ती घाटात हमखास अडायची. प्लग झाले, कॉइल झाली, कार्बोरेटर दोनदा खोलून झाला. वही ठेवली तेव्हा दिसले की टाकी काठोकाठ भरली की त्यानंतर थोड्याच वेळात गाडी अडते. टाकी अर्धी असली तर बराच वेळ काही होत नाही. साहजिकच सगळा ठपका पंपवाल्याच्या पेट्रोलवर आला. पण वेगवेगळ्या पंपांवर भरले तरी तेच! दोष होता टाकीच्या झाकणात. मूळचे झाकण हरवल्यावर दुसऱ्या कुठल्याशा गाडीचे बसवले होते, आणि त्याला हवा आत घेण्याचे छिद्रच नव्हते. पेट्रोल जसे खाली जाते तशी वरून हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवेनासे होते. तोंड घट्ट बंद करून उलटा धरलेला तांब्या गळत नाही, तसेच. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर वाढते. अर्ध्या टाकीत हवा पुष्कळ, म्हणून उशीर लागतो. गाडी अडताच झाकण उघडले आणि ‘सुस्स’ असा आवाज होऊन हवा आत शिरली, तर निदान झालेच म्हणून समजा.

आता उन्हाळ्याचे पाहू. इथे भलेभले फसतात. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४० अंशांवर जातो, आणि बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी अधिक. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातले हलके द्रव साधारण ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत किंवा पंपात वाफेचा बुडबुडा धरला की पंप नुसती वाफच दाबत बसतो. म्हणून तर जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत. परंतु तापल्यावर बिघडणारी कॉइलही नेमकी अशीच वागते: गरम झाली की ठिणगी देत नाही, निवली की देते. लक्षण एक, कारणे दोन! पंधरा मिनिटे थांबलात तर दोन्ही दोष आपोआप बरे होतात आणि पुरावा नाहीसा होतो. ओले फडके टाकून गाडी सुरू झाली, म्हणजे पंपच दोषी, असेही म्हणता येत नाही. तेवढ्या वेळात कॉइलही निवलेली असते.

म्हणून गाडी अडली की लगेच, गरम असतानाच, दोन गोष्टी पाहाव्यात. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत असताना कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर पेट्रोल पोचले आहे. नाही दिसली तर ते वाटेतच अडले आहे. पिचकारी दिसूनही गाडी सुरू होत नसेल तर ठिणगी पाहायची. जवळ एक जुना प्लग ठेवावा. तो प्लगच्या तारेला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवावे आणि स्टार्टर मारायला सांगावे. टणक निळी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळसर, मरगळलेली किंवा मुळीच नसली तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट तपासून घ्यावेत. मात्र पेट्रोलचा वास येत असेल, कुठे ते सांडले असेल, तर हा प्रयोग करू नये. विडी ओढत तर या दोन्ही गोष्टी नकोतच. आणि पाणी उकळते आहे असे दिसल्यास रेडिएटरचे झाकण हात लावायचे नव्हे.

टाकीतला गंज आणि कचरा हाही एक लबाड चोर आहे. गाडी चालू असताना कचरा ओढीने नळीच्या तोंडाशी येऊन चिकटतो. गाडी थांबली, ओढ गेली, की सुटून तळाशी बसतो. रात्री बंद पडलेली गाडी सकाळी चालते ती यामुळेही. पेट्रोलचा फिल्टर स्वस्त असतो. तो वेळेवर बदलावा. पहिल्या पावसात किंवा ओढ्यातून गेल्यावरच गाडी मिसिंग करत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या तारा कोरड्या फडक्याने पुसून पाहा. गाडी चढावर चांगली, पण थांबल्यावर मंद गतीत बंद पडते, अशी तक्रार असेल तर कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये कचरा असण्याचा संभव अधिक.

अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच शिवारातल्या उसाचे ते, त्याच्याशी आपले भांडण नाही. पण जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पडदे खराब करू शकते, टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरकडे पाठवते आणि हवेतला ओलावा शोषून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत त्यामुळे तळाशी पाण्याचा थर जमू शकतो. संशय आला तर मिस्त्रीकडून टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि बाटली सावलीत, विस्तवापासून दूर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. रबरी नळ्या तडकलेल्या किंवा मऊ पडलेल्या दिसल्या तर इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मागून घ्याव्यात. नळी पेट्रोलने भिजलेली दिसली तर मात्र गाडी चालवूच नये. तिथे आगीचा धोका आहे.

२००० सालानंतरच्या गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो. त्यांच्यासाठी पिचकारीचा प्रयोग उपयोगाचा नाही, आणि ठिणगीची परीक्षाही जाणकाराकडूनच करवून घ्यावी. त्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यामुळेच थंड राहतो. टाकी सतत तळाला ठेवणाऱ्यांचा पंप म्हणून लवकर जातो. वही मात्र इथेही तीच.

मिस्त्रीकडे जाल तेव्हा ‘कॉइल बदला’ असे सांगू नका. वही पुढे ठेवा आणि म्हणा, “एवढ्या उन्हात, एवढे किलोमीटर चालल्यावर, चढावर, आचके देत बंद पडते, पिचकारी दिसत नाही, ठिणगी चांगली आहे.” एका वेळी एकच भाग बदलायला सांगा, आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्या. नवा भाग बसवूनही दुखणे तसेच राहिले, तर तो जुना भाग चांगला आहे. पुसून गाडीत ठेवून द्या.