डॉलर पडतात, पण बादलीत

न्यू ऑर्लिन्स : गावाकडून, अकलूजहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला. "तिकडं कलाकाराची चंगळ असंल, नाही?"

डॉलर पडतात, पण बादलीत. फ्रेंचमन स्ट्रीटवरच्या कितीतरी बारमध्ये जॅझला तिकीट नसतं. बँडला गल्ल्यातला थोडा वाटा. बाकी मदार बादलीवर. ती घेऊन वादकांपैकीच एकजण टेबलांमधून फिरतो. प्रिझर्वेशन हॉल या इथल्या जॅझच्या जागी तर फर्माइशीचा दरफलकच होता. पारंपरिक चिजेला कमी, इतर गाण्यांना जास्त आणि 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन'ला सर्वांत जास्त, कारण ते वाजवून वाजवून वादक विटलेले. मोडनिंबच्या तमाशा थिएटरवाल्यांना कळलं तर उद्याच असा फलक लावतील.

साठीचा एक कृष्णवर्णीय ट्रॉम्बोनवादक ओळखीचा झालाय. रात्री दीडपर्यंत वाजवतो, सकाळी शाळेची बस चालवतो. पेन्शन बसची. इथल्या विमानतळाला जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं नाव आहे, याचं मी कौतुक केलं तर तो हसला. १९५६ साली लुइझियानात कायदा झाला, गोऱ्या-काळ्यांनी एका मंचावर वाजवायचं नाही. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही. मग त्यानं १९६५पर्यंत या आपल्या जन्मगावात वाजवलंच नाही. विमानतळाला नाव लागलं २००१मध्ये, तो जाऊन तीस वर्षांनी.

आपल्या तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, अखेरचे दिवस हलाखीत गेले, आता त्यांच्या नावानं शासन जीवनगौरव देतं. नाव द्यायला कुठलंच सरकार कंजूष नाही.

पण न्यू ऑर्लिन्सनं नावापुढं पाऊल टाकलं. १९९८पासून इथं वादकांसाठी दवाखाना आहे. विमा नसला तरी उपचार होतात. २००५च्या कॅटरिना वादळानंतर ७२ घरांची वादकांची वसाहत उभी राहिली, तीही देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर.

आपण अकलूजला १९९३ साली लावणी स्पर्धा सुरू केली, आयाबाया मांडवात बसून लावणी बघू लागल्या. हे मी इथं छाती फुगवून सांगतो. ट्रॉम्बोनवाल्यानं फोनवर ढोलकीचा तुकडा ऐकला, पुन्हा लावायला सांगितला, मग विचारलं, "याचा खांदा धरला तर हा जातो कुठं?"

मी चहा मागवला.

साखर कारखाना, दूध संघ सहकारावर उभा करणाऱ्या गावाला ढोलकीवाल्याचा खांदा एवढा जड का व्हावा? एखाद्या वर्षी ढाली लहान करा, हारतुरे कमी करा, पण स्पर्धेला आलेल्या प्रत्येक पार्टीची डॉक्टरकडून तपासणी करा. औषधाचा खर्चही गावानंच उचलायचा.