डायनासोर बागेतला शब्दकोश

मुलांनो, पिंपळे गुरवमध्ये कुणाला राजमाता जिजाऊ उद्यानाचा पत्ता विचारा. बहुतेक जण उलट विचारतील, "म्हणजे डायनासोर गार्डन ना?" हा डायनासोर शब्द आला कुठून, ठाऊक आहे? १८४२ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन ग्रीक शब्द जोडून तो बनवला. 'डेइनॉस' म्हणजे भयंकर आणि 'सॉरॉस' म्हणजे सरडा. झाला भयंकर सरडा!

आता जरा पिंपरीकडे चला. तिथे १९५४ साली सुरू झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी सगळ्यांना माहीत आहे. 'अँटि' म्हणजे विरुद्ध, 'बायॉस' म्हणजे जीवन. पुण्यात १९७१ साली सुरू झालेल्या सिंबायोसिस संस्थेच्या नावातही हाच 'बायॉस' बसलाय. 'सिम्' म्हणजे सोबत, म्हणून सिंबायोसिस म्हणजे सहजीवन. पाट्या वाचता वाचता चार-पाच तुकडे खिशात आले की नाही?

हे तुकडे पुढे फार उपयोगी पडतात, बरं का. तुमच्या सोसायटीतले इंजिनिअरिंगचे ताई-दादा अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी जीआरई नावाची परीक्षा देतात. तिच्यात गणिताबरोबर इंग्रजीचाही भाग असतो. पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या थेट विचारायचे. मग मुलं हजारो शब्दांच्या याद्या घोकत बसायची. ऑगस्ट २०११ पासून ते प्रश्न गेले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, समान अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे असतात आणि उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. २०२३ मध्ये परीक्षा छोटी झाली. इंग्रजीचे २७ प्रश्न, वेळ ४१ मिनिटं. इथे नुसत्या घोकंपट्टीवर निभाव लागत नाही.

"पण माझं मराठी माध्यम!" असं म्हणून पुष्कळ मुलं आधीच हातपाय गाळतात. मला ते मुळीच पटत नाही. 'अनॉनिमस' हा शब्द बघा. 'अन्' म्हणजे नाही आणि पुढे नाव. आपला 'अनाम'च की! ग्रीक आणि संस्कृत या दूरच्या बहिणी, त्यामुळे दोघींचा नकाराचा 'अ' एकाच घरातला. 'अपथी' म्हणजे भावनेचा अभाव, बेफिकिरी. 'अग्नॉस्टिक'मधला 'ग्नॉ' आणि आपल्या 'अज्ञ'मधला 'ज्ञ' हेही नातेवाईक. एवढंच काय, इंग्रजी 'नो'च्या आरंभी लिहायचा पण बोलायचा नाही असा जो 'के' आहे ना, तो याच कुटुंबाची जुनी खूण. डेंटिस्टमध्ये दंत आहे, सर्पंटमध्ये सर्प आहे.

पण सावध! गाडीला पडलेल्या डेंटचा दाताशी संबंध लावू नका, तो शब्द वेगळ्या मुळाचा. आणि नाशिक फाट्यावरून जाणाऱ्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं दिसलं, तर 'इन' म्हणजे नाही, म्हणजे हा पेटत नाही, असा अर्थ काढू नका. तो चटकन पेट घेतो! 'इनव्हॅल्युएबल' म्हणजेही बिनकिमतीचं नव्हे, अमूल्य. तुकड्यांवरून केलेला अंदाज वाक्यात नेऊन तपासावाच लागतो.

तो कसा तपासायचा? समजा वाक्य आहे, 'ऑल्दो द फार्मर वॉज टॅसिटर्न, हिज ब्रदर टॉक्ड ऑल डे.' टॅसिटर्न माहीत नाही? हरकत नाही. 'ऑल्दो' म्हणजे 'जरी', तेव्हा पुढे उलट काहीतरी येणार. भाऊ दिवसभर बोलतो, म्हणजे शेतकरी अबोल असणार. शब्दकोश उघडा, 'मितभाषी' हाच अर्थ सापडेल. आधी अंदाज आणि मग शब्दकोश, हा क्रम मोडू नका. अंदाज चुकला तरी तो शब्द जास्त लक्षात राहतो.

आई-बाबांना एक विनंती. आठवीतल्या मुलाच्या हाती जीआरईची यादी मुळीच देऊ नका. त्यापेक्षा इंग्रजी वर्तमानपत्रातली त्याच्या आवडीची एखादी बातमी, क्रिकेटची का असेना, त्याच्याबरोबर बसून वाचा. तुम्हालाही एखादा शब्द अडला तर उत्तमच, दोघं मिळून शोधा.

आणि मुलांनो, वहीत नुसता शब्द लिहू नका, ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. सुरुवातीला हा घ्या: 'बायोग्राफी'. 'ग्राफ' म्हणजे लिहिणं. 'बायॉस' तुमच्या खिशात आहेच!