सरकत्या दाराची थंडी

न्यू जर्सीतल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये बाल्कनीला बहुधा सरकतं काचेचं दार असतं. उन्हाळ्यात ते देखणं वाटतं. जानेवारीत मात्र थर्मोस्टॅट 68 अंश फॅरनहाइट दाखवत असतो आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचे पाय गारठलेले असतात. दार घरमालकाचं, हीटिंगचं बिल आपलं!

बहुतेक बिऱ्हाडं आधी जाड पडदे आणतात. माझ्या मते पडद्याचा नंबर शेवटचा. फटीतून येणारा वारा वेगळा आणि गार काच वेगळी. पडद्यानं वारा अडत नाही. म्हणून आधी उदबत्ती. वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावायचा आणि उदबत्ती दाराच्या कडेनं सावकाश फिरवायची. धूर जिथे एकदम आत वळतो, तिथे फट. ती बहुतेकदा दोन काचा मध्यभागी एकमेकींवर येतात तिथे सापडते, कारण तिथली केसाळ पट्टी झिजलेली असते. नाहीतर कडीच्या बाजूला, वर किंवा खाली.

कडीकडची फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर दार तिरकं झालंय. दाराच्या खालच्या कडेला, बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या बुचाआड, एक स्क्रू असतो. तो फिरवला की आतलं चाक वर-खाली होतं, दार सरळ बसतं आणि बराच वारा फुकटात थांबतो. उरलेल्या फटीला फोमची चिकटपट्टी. रुळाच्या बाहेरच्या अंगाची बारीक भोकं मात्र बुजवू नयेत. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तिथून जातं.

मग काच. चौकटीला दुहेरी चिकटपट्टी, तिच्यावर पारदर्शक फिल्म, आणि हेअर ड्रायरची गरम हवा. सुरकुत्या जाऊन फिल्म ढोलकीच्या पुडीसारखी ताणली जाते. आत कोंडलेली स्थिर हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. पण पूर्ण दार झाकलं तर ते उघडणार कसं? आगीत बाहेर पडायची ती वाट असेल, तर फिल्म न सरकणाऱ्या काचेपुरतीच ठेवावी.

आता पडदा. तो जमिनीला टेकलेला आणि वरून बंद हवा. नाहीतर खोलीतली ऊब वरून पडद्यामागे शिरते, काचेला लागून गार होते आणि खालून पायांवर येते. दार दक्षिणेला असेल तर दिवसा पडदा उघडाच ठेवावा, ऊन फुकट आहे. शिवाय कुकरची वाफ काचेवर साचते, ती सकाळी पुसता येते. नाहीतर चौकटीत बुरशी धरते.

मार्चअखेर चिकटपट्टी काढताना पुन्हा ड्रायर लागतो. गरम न करता ओढली तर रंगाचे पोपडे निघतात, आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.