चांगुलपणाचं वेळापत्रक

एकट्या माणसाच्या चांगुलपणाने जग सुधारतं का? या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तयारच असतात. कुणी म्हणतं, थेंबे थेंबे तळे साचे. कुणी म्हणतं, अशाने काही होत नाही, व्यवस्थाच बदलायला हवी. ही उत्तरं पारखून घ्यायची तर चांगुलपणा मोजता येईल असं उदाहरण हवं, आणि रक्तदान हे तसं उदाहरण आहे. रक्त कारखान्यात तयार होत नाही, माणसाने माणसाला द्यावं तेव्हाच ते मिळतं. एका वेळी घेतलं जातं ते जेमतेम ३५० किंवा ४५० मिलिलिटर. या एवढ्याशा दानाचा प्रवास नीट पाहिला तर एक गोष्ट पटते: छोट्या चांगुलपणात मोठी ताकद असते, पण तो नियमाने घडला आणि त्याला पोहोचवणारी यंत्रणा असली तरच.

शिबिरात आधी दात्याच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब झटकन तळाशी गेला, तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे असं समजायचं. तरंगत राहिला, तर दात्याला परत पाठवायचं. पुढची सुई काही मिनिटांची. मग पिशवी रक्तपेढीत जाते. एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या होतात आणि यंत्रात फिरवून रक्ताचे घटक वेगळे केले जातात. लाल पेशी थंड कपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. प्लेटलेट्स मात्र साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवूनही साधारण ५ दिवसच. एका पिशवीतून तीन रुग्णांना मदत होऊ शकते ती या विभागणीमुळे. देणाऱ्याचं मन मोठं असलं, तरी ते तीन खाटांपर्यंत पोहोचतं ते तंत्रज्ञांच्या हातांमुळे.

खरी अडचण सुरू होते ती या मुदतींपासून. महाराष्ट्रात रक्तदात्यांची वानवा नाही. गणेशोत्सवात, महापुरुषांच्या जयंत्यांना, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना शिबिरं भरतात, रांगा लागतात. पण मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयं बंद होतात, माणसं गावी जातात आणि रक्तपेढ्यांना तुटवडा जाणवू लागतो. अपघात आणि बाळंतपणं सुट्टी घेत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. एका दिवशी उसळलेला उत्साह त्यांच्या पुढच्या महिन्याला पुरत नाही. लोकसंख्येच्या एक टक्का इतक्या पिशव्या वर्षाला हव्यात, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. २०११च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख धरली, तर सव्वाअकरा लाख पिशव्या होतात. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येतं. म्हणजे वर्षातून तीनदा देणारी पावणेचार लाख माणसं हा आकडा गाठतील. वर्षातून एकदाच देणारी असतील, तर तिप्पट माणसं लागतील.

मग पैसे देऊन ही नियमितता का विकत घेऊ नये? भारताने तो मार्ग पाहिलेला आहे. गरजेपोटी रक्त विकणारा माणूस आपला आजार लपवतो, हा त्यातला मोठा धोका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून देशात रक्ताची विक्री बंद झाली. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७०मध्येच इशारा दिला होता की, मोबदल्यामुळे दानाची वृत्ती आटते. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका प्रयोगात पैसे देऊ केल्यावर दाता व्हायला तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. तेच पैसे समाजकार्याला देण्याची मुभा मिळताच ते पुन्हा ५३ टक्के झालं. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही आणि छोट्या भेटवस्तूंनी रक्तदान वाढल्याचे अभ्यासही आहेत, हे मान्य करायला हवं. पण चांगुलपणाची किंमत ठरवली की त्याचा अर्थ काहींच्या मनात बदलतो, एवढं यातून दिसतंच. रक्तपेढी शुल्क घेते त्याचा राग अनेकांना येतो. नियमानुसार ते शुल्क रक्ताचं नसतं. ते तपासणीचं, पिशवीचं आणि साठवणुकीचं असतं. त्याहून जास्त आकारलं, तर जाब जरूर विचारावा. त्यासाठी दान थांबवलं, तर शिक्षा रुग्णाला होते.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, हे काम सरकारचं आहे. कायदा, तपासण्या, शीतगृहं, गावोगावी साठवण केंद्रं ही जबाबदारी सरकारचीच, आणि ती ठणकावून मागितली पाहिजे. पण कोणत्याही सरकारला नागरिकाच्या दंडातून हुकूम काढून रक्त घेता येत नाही. १९५२मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगासमोर आणला. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण या रुग्णाला ‘ओ’ रक्तही चालत नाही; त्याच गटाचा दाता लागतो. अशा वेळी दूरवरच्या एका अनोळखी माणसाचा होकार आणि त्याची नोंद असलेली यादी, दोन्ही लागतात. यादी नसेल तर होकार वाया जातो, होकार नसेल तर यादी.

म्हणून व्यवस्था की व्यक्ती, हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. व्यवस्थेचा कच्चा माल माणसांचा चांगुलपणाच असतो. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेणं असो की वस्तीतल्या मुलांना शिकवणं, त्याची कसोटी हीच: मन भरून आलं तेव्हा केलं, की ठरल्या दिवशी केलं? १८ ते ६५ वर्षांच्या प्रत्येक निरोगी माणसाने जवळच्या रक्तपेढीत नाव नोंदवावं, वर्षातल्या तीन तारखा ठरवाव्यात आणि त्यातली एक मुद्दाम सुट्टीच्या दिवसांतली ठेवावी. जगाची सुधारणा अशा पाळलेल्या तारखांमधूनच होते.