गवत, गाय, दूध आणि कंठांतील ग्रंथि

वाचकांनीं आपल्या गळ्याच्या पुढील भागीं, कंठमण्याच्या किंचित् खालीं, दोन बोटें अलगद ठेवून एकदां आवंढा गिळून पाहावा. बोटांखालून जें कांहीं वर जाऊन पुनः खालीं येतें, त्याला बिलगून फुलपांखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि बसलेली आहे. इंग्रजींत तिला थायरॉईड म्हणतात; आमच्या शास्त्रीय ग्रंथांत तिला अवटु ग्रंथि असें नांव आहे. प्रौढ माणसांत तिचें वजन १५ ते २० ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याच्या आसपास. तान्ह्या मुलांत तर अवघें एकदोन ग्रॅम. एवढ्याशा ग्रंथीसाठीं वार्षिकाचीं पानें कां खर्चावीं, असें कोणी विचारील, तर त्यास आमचें उत्तर असें कीं, अणुभट्टीच्या अपघातानंतर आसपासच्या मुलांच्या शरीरांत ज्या अवयवास इजा झाल्याचें सर्वांत स्पष्टपणें सिद्ध झालें आहे, तो अवयव हाच होय.

ह्या ग्रंथींत थायरॉक्सिन नांवाचा अंतःस्राव तयार होतो. मुलांची वाढ, शरीराची ऊब, बुद्धीची तरतरी, हीं सर्व त्याजवर अवलंबून असतात. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूंत आयोडीनचे चार अणू असतात, आणि आयोडीन तर निसर्गांत फार थोडें. १८११ सालीं बर्नार कूर्त्वा ह्या फ्रेंच रसायनज्ञास तें समुद्रशेवाळाच्या राखेंत प्रथम आढळलें. समुद्रापासून दूर, पावसानें धुपून गेलेल्या डोंगराळ मुलखांतील मातींत तें इतकें कमी असतें कीं, आपल्या हिमालयाच्या पायथ्याशीं गलगंडाचे रोगी पूर्वीं गांवोगांव दिसत. अशी दुर्मिळ वस्तु असल्यामुळें अवटु ग्रंथि रक्तांतून येणारा तिचा कण न् कण कृपणासारखा उचलून सांठविते. परंतु ह्या कृपणास खरें नाणें आणि घातकी नाणें यांतील भेद कळत नाहीं. सर्व अनर्थाचें मूळ येथेंच आहे.

युरेनियमचा अणू फुटला म्हणजे जे अनेक तुकडे होतात, त्यांत आयोडीन १३१ हा एक असतो. रसायनदृष्ट्या तो साध्या आयोडीनचा सख्खा भाऊ. परंतु तो किरणोत्सर्गी आहे. त्याचें अर्धायुष्य आठ दिवसांचें, म्हणजे दर आठ दिवसांनीं त्याचा सांठा निम्मा होत जातो. ऐंशीं दिवसांनीं हजारांतील एखादाच भाग उरतो. वाचकांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडेल.

भट्टी फुटली कीं हें आयोडीन वाफेच्या रूपानें वाऱ्यावर निघतें आणि पावसाबरोबर कुरणांवर उतरतें. गाय दिवसभर चरून कितीतरी मोठ्या जागेवरील गवत एका पोटांत गोळा करते, आणि एकदोन दिवसांतच तें आयोडीन तिच्या दुधांत उतरतें. दुधाचा रंग, वास, चव यांत कांहींच फरक पडत नाहीं. मूल मोठ्या माणसापेक्षां दूध अधिक पितें, आणि त्याची ग्रंथि मात्र कितीतरी लहान. म्हणून तेंच आयोडीन तेथें अनेक पटींनीं दाट होऊन बसतें. शिवाय मुलाच्या ग्रंथींतील पेशी अजून वाढत असतात, आणि वाढत्या पेशीस किरणांची इजा अधिक बाधते.

ही गोष्ट जगास प्रथम कळली ती पॅसिफिक महासागरांतील एका बेटावर, आणि तेथें तर गायीही नव्हत्या. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी येथें एका हायड्रोजन बाँबची परीक्षा घेतली. त्याचा स्फोट अपेक्षेच्या अडीचपट झाला. दीडशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या राँगेलाप बेटावर कांहीं तासांनीं पांढरी राख पडूं लागली. मुलें तिच्यांत खेळलीं. ती सांठवणीच्या पाण्यांत पडली, अन्नावर पडली. लोकांस तेथून हालविण्यास दोन दिवस लागले. १९५७ सालीं त्यांस परत त्याच बेटावर नेण्यांत आलें. सर्व कांहीं ठीक आहे असें वाटत असतां, १९६३ सालीं, म्हणजे नऊ वर्षांनीं, एका बारा वर्षांच्या मुलीच्या कंठांत गांठ सांपडली. पुढें त्या दिवशीं लहान असलेल्या बहुतेक मुलांच्या ग्रंथींत कांहीं ना कांहीं बिघाड निघाला. बऱ्याच गांठी साध्या होत्या, कांहीं कर्करोगाच्या होत्या, आणि दोघां मुलग्यांची तर वाढच खुंटली होती. १९८५ सालीं त्या लोकांनीं आपलें बेट पुनः सोडलें.

इंग्लंडांत विंडस्केल येथील भट्टीस १९५७ च्या ऑक्टोबरांत आग लागली, तेव्हां सुमारें पांचशें चौरस किलोमीटर टापूंतील दूध कित्येक आठवडे ओतून देण्यांत आलें. शेतकऱ्यांचे जीव तुटले असतील. परंतु उपाय बरोबर होता. आणि हें उदाहरण १९८६ सालीं एकोणतीस वर्षें जुनें होतें, हें विसरतां येत नाहीं.

त्या सालीं २६ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर, १ वाजून २३ मिनिटांनीं, त्या वेळच्या सोव्हिएट संघराज्यांतील चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. आग व धूर सुमारें दहा दिवस चालू होते. भट्टीलगतचें प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशीं दुपारीं रिकामें करण्यांत आलें, पण बाहेर कोणास कांहीं सांगितलें नाहीं. २८ तारखेस स्वीडनमधील एका अणुकेंद्रांत किरणोत्सर्ग आढळून गवगवा झाला, तेव्हां कोठें सायंकाळीं मॉस्कोहून चार ओळींची बातमी निघाली. १ मे रोजीं कीव्ह शहरांत मुलाबाळांसह नेहमींची मिरवणूकही निघाली. इकडे बेलारूस, युक्रेन व रशियाचा सीमाभाग यांतील खेड्यांतून घरोघर गाय, आणि वसंत ऋतु असल्यामुळें गाई नुकत्याच ताज्या गवतावर सोडलेल्या. आईनें सकाळीं धार काढावी आणि तोच पेला मुलाच्या हातीं द्यावा, ह्यापरतें निर्मळ कृत्य कोणतें? त्या माउलींस कोणी एक वाक्य सांगितलें असतें, तर पुष्कळ कंठ वांचले असते. दूध फेंकण्याचीही गरज नव्हती: त्याचें चीज किंवा भुकटी करून अडीच-तीन महिने ठेवली असती, तर वर सांगितलेल्या आठ दिवसांच्या हिशेबानें त्यांतील आयोडीन १३१ बहुतेक नाहींसें झालें असतें.

शेजारच्या पोलंडांत निराळें घडलें. तेथील वैद्यांनीं २९ एप्रिलपासून मुलांस साधें आयोडीन पाजण्यास आरंभ केला, आणि थोड्याच दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांस तें मिळालें. ग्रंथि एकदां चांगल्या आयोडीननें भरली म्हणजे ती घातकी आयोडीन आंत घेत नाहीं, इतकी ही साधी युक्ति आहे.

चेर्नोबिलच्या आसपास मात्र फळ दिसूं लागलें. बेलारूसमध्यें मुलांचा अवटु कर्करोग इतका विरळा कीं १९८६ ते १९८९ पर्यंत वर्षास सरासरी चारच रोगी निघत. १९९१ सालीं ते ५५ झाले. काझाकोव्ह, देमिदचिक व अस्ताखोव्हा यांनीं १९९२ सालीं 'नेचर' नियतकालिकांत हे आंकडे छापले, तेव्हां पाश्चात्य देशांतील कांहीं तज्ज्ञांस ते खरे वाटेनात. इतक्या लवकर कर्करोग होत नाहीं, बारकाईनें शोधल्यामुळेंच तो सांपडत असावा, असें त्यांचें म्हणणें. शंका घेणें हा शास्त्राचा धर्म खरा. पण मिन्स्क येथें शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेलीं मुलें कांहीं शंकेनें आजारी पडलीं नव्हतीं. पुढील वर्षांत आंकडे चढत गेले व वाद मिटला. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनें २०१८ सालीं दिलेल्या हिशेबाप्रमाणें, अपघाताच्या वेळीं अठरा वर्षांखालील असलेल्या लोकांत १९९१ ते २०१५ पर्यंत ह्या रोगाचे १९,२३३ रोगी नोंदले गेले, आणि त्यांतील सुमारें चौथा हिस्सा किरणोत्सर्गामुळें झाला असावा. ज्या भागांत आहारांतील आयोडीन आधींच कमी होतें, तेथील मुलांस धोका सुमारें तिप्पट होता, असें २००५ सालच्या एका मोठ्या अभ्यासांत दिसून आलें. भुकेली ग्रंथि जें मिळेल तें अधाशीपणें घेते, हेंच त्याचें कारण.

समाधानाची गोष्ट इतकीच कीं, हा कर्करोग बहुधा बरा होतो. २००५ पर्यंत सहा हजारांवर रोग्यांपैकीं त्यानें मृत्यु पावलेले पंधरा होते. ग्रंथि कापून काढतात. मग जन्मभर रोज सकाळीं थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते, आणि गळ्यावर आडवा व्रण राहतो. त्यास त्या देशांत 'चेर्नोबिलचा हार' म्हणतात. चमत्कार असा कीं, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रोगट पेशी जाळण्यास तेंच आयोडीन १३१ मापून पाजतात. मुंबईस परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें १९६३ पासून असे उपचार होत आले आहेत. ज्या लोभामुळें ग्रंथि विष गिळते, त्याच लोभामुळें तिचा रोगही तें औषध गिळतो.

जपानांतील फुकुशिमा येथें मार्च २०११ मध्यें भट्ट्या बिघडल्या, तेव्हां चेर्नोबिलच्या मानानें सुमारें दशांशच आयोडीन बाहेर पडलें, आणि दूध व भाजीपाला यांवर लवकर बंदी आली. पुढें तेथील तीन लाख मुलांच्या ग्रंथी ध्वनिलहरींच्या यंत्रानें तपासल्या, त्यांत कर्करोगाचे किंवा त्याच्या संशयाचे शंभरांहून अधिक रोगी निघाले. आईबाप घाबरले, परंतु तीच वैज्ञानिक समिति सांगते कीं, ही वाढ बारीक तपासणीची आहे, किरणांची नव्हे. दक्षिण कोरियांत कोठलाही अपघात नसतां केवळ तपासणी वाढल्यामुळें ह्या रोगाचे आंकडे १९९३ ते २०११ पर्यंत पंधरापट झाले, आणि मृत्यु मात्र जितके तितकेच राहिले. म्हणजे १९९२ सालीं चुकलेली शंका येथें बरोबर ठरली. दोहोंतील भेद ओळखावयाचा तर मुलांच्या कंठांत खरोखर किती आयोडीन गेलें, हें मोजलेलें असावें लागतें.

आपल्या पालघर जिल्ह्यांत तारापूर येथें १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे, तेव्हां आयोडीनच्या गोळीविषयीं दोन शब्द अस्थानीं होणार नाहींत. ती अधिकाऱ्यांनीं सांगितल्यावरच घ्यावयाची. हवा दूषित होण्याच्या किंचित् आधीं किंवा नंतर थोड्या तासांतच तिचा उपयोग. दिवस उलटल्यावर नाहीं. आणि ती फक्त ह्या एका ग्रंथीस राखते, इतर किरणोत्सर्गी द्रव्यांपासून नव्हे. २०११ सालीं चीनमध्यें लोकांनीं घाबरून मिठाचीं दुकानें रिकामीं केलीं. प्रौढ माणसाच्या गोळींत १०० मिलिग्रॅम आयोडीन असतें. आपल्या घरीं येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठांत किलोमागें निदान १५ मिलिग्रॅम असावें असा दंडक आहे. गणिताच्या तासास बसणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास भागाकार करून पाहतां येईल कीं, एका गोळीइतकें आयोडीन मिळविण्यास साडेसहा किलोंहून अधिक मीठ एका बैठकींत खावें लागेल.