घाट उतरून बंदराकडे

परवा भोरच्या एस. टी. स्टँडवर ओळखीचे एक निवृत्त मास्तर भेटले. हातात रंगीत पत्रक होते. म्हणाले, "पोरं म्हणताहेत, बाबा, आता बोटीची सफर करा. मला जुनी बंदरं बघायची आहेत, पडके कोट बघायचे आहेत. कुठल्या बोटीचं तिकीट काढू?"

मी म्हटले, "मास्तर, तिकीट महाडचं काढा. एस. टी.चं!"

मास्तरांना ती थट्टा वाटली. पण मी थट्टा केली नव्हती. ज्यांना आरामाची सफर हवी, त्यांनी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीत खुशाल बसावे. मौज आहे त्यात. मात्र त्या बोटीतून चौल दिसायचे नाही, दाभोळ दिसायचे नाही, बाणकोटही दिसायचे नाही. ती बोट ही गावे लांबून, बहुधा रात्रीच्या अंधारात, मागे टाकून निघून जाते. तिला खोल पाणी लागते, आणि आपली बहुतेक जुनी बंदरे आता गाळाने उथळ झाली आहेत. मोठी बोट तिथे शिरूच शकत नाही. जुनी बंदरे पाहायची तर लहान होडीने, नाहीतर घाट उतरून जावे लागते. आणि घाट तर भोर-वेल्ह्याच्या माणसाच्या दाराशीच आहे.

आधी बंदर म्हणजे काय ते पाहू. आज बंदर म्हटले की धक्का आणि उंच यारी डोळ्यांपुढे येतात. शिडाच्या काळी बंदर असायचे खाडीत. उघड्या समुद्राच्या लाटांपासून आडोसा, प्यायला गोडे पाणी आणि आत शिरायला भरतीचे पाणी, एवढे मिळाले की झाले. भरतीबरोबर गलबत आत यायचे, ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा पोचते. गलबताचे वेळापत्रक असे पंचांगातच असायचे.

भरतीसारखाच वाराही महत्त्वाचा. पावसाळ्याच्या नैर्ऋत्य वाऱ्यावर पश्चिमेची जहाजे अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की परतत. सुमारे पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात या व्यापाराची माहिती आहे. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे आणि 'सेमुल्ला' आहे. हे सेमुल्ला म्हणजेच आपले चौल, असे अभ्यासक मानतात. त्याच पुस्तकात पैठण आणि तेर या घाटावरच्या गावांचीही नावे आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जाई.

बंदराच्या पुस्तकात पैठणचे नाव कशाला, असे तुम्ही म्हणाल. सांगतो. बंदरावर माल उतरतो, पण तो तिथेच थोडाच खपतो? तो घाट चढून वर यायला हवा आणि वरचा माल खाली जायला हवा. बंदर आणि घाट ही एकाच दोराची दोन टोके. एक सुटले की दुसरे निरुपयोगी. वरंध घाट, मढे घाट, उपांड्या घाट ही आपल्याला पावसाळी धबधब्यांची ठिकाणे वाटतात. पण या वाटा खाली महाडकडे, सावित्रीच्या खाडीकडे उतरतात. वर मीठ यायचे, खाली धान्य जायचे. ज्या वाटेवरून बैल आणि हमाल चालले, त्या वाटेच्या कडेला लेणी कोरली गेली. महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत आणि घाट चढून नीरेच्या खोऱ्यात आले की शिरवळजवळ पुन्हा लेणी आहेत. मधला डोंगर वगळला तर नुसती लेणी दिसतात. डोंगरासकट पाहिले की रस्ता दिसतो.

मग हे सारे बसले कशाने? खाड्या गाळाने भरल्या आणि गलबतांची जागा मोठ्या आगबोटींनी घेतली. आणि १८६३ साली मुंबई-पुणे रेल्वे बोरघाट चढली. इंग्रजांनी त्या घाटाचे नाव असे लिहिले की पुष्कळांना तो आपल्या भोरचाच घाट वाटतो! खरे तर बोरघाट खंडाळ्याचा. त्या रेल्वेने देशावरचा व्यापार मुंबईकडे ओढून नेला आणि भोरकडच्या घाटांचा राबता ओसरत गेला. पुढे कोकणच्या किनाऱ्याने मुंबई-गोवा आगबोटी धावत. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशी बंदरे घेत त्या जात, आणि जिथे धक्का नसे तिथे उतारू पडावात उतरत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याही थांबल्या.

आता सफरीकडे वळू. तीन-चार दिवस हाताशी ठेवा आणि हिवाळ्यात निघा. पावसाळ्यात वरंध घाट दरडींमुळे वरचेवर बंद असतो, तेव्हा चौकशी केल्यावाचून निघू नका. भोरहून नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने गाडी वर चढते. खिंडीत क्षणभर उतरून खाली पाहा. व्यापाऱ्याला कोकण पहिल्यांदा दिसे ते असे.

महाडला गांधारपाल्याची लेणी चढून जा. तिथल्या शिलालेखात कानभोज विष्णुपालित या राजपुत्राचे नाव आहे. मग खाडीच्या काठाने दासगावला या. बंदर म्हणून आज तिथे पाहण्यासारखे फार काही नाही. तरीही थांबा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने आले, ते याच दासगाव बंदरात उतरले आणि महाडला चालत गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. बंदरावर मालच उतरतो असे नाही. कधी कधी तिथे एखाद्या समाजाचे नवे पाऊलही उतरते. प्राचीन अवशेष शोधायच्या नादात आपण अशा जागेवरून न थांबता पुढे गेलो, तर सफर फुकट गेली असे समजा.

दासगावहून आंबेतचा पूल ओलांडून बाणकोटला जा. सावित्री इथे समुद्राला मिळते. मुखावरचा किल्ला इंग्रजांनी घेतल्यावर त्याचे नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' ठेवले होते. पलीकडे बागमांडल्याला जायला वेसवीहून फेरीबोट आहे. ही तुमच्या सफरीतली पहिली बोट. प्रवास काही मिनिटांचा, पण पाण्यावरून किल्ल्याकडे पाहिले की खाडीचे तोंड कोणाच्या हाती होते ते कोणी न सांगता कळते. पुढे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिघी. दिघीहून आगरदांड्याला दुसरी फेरीबोट. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. होडी अगदी जवळ गेल्याशिवाय त्याचा दरवाजा दिसत नाही. एवढ्यावरूनही सिद्दीचा हा किल्ला का पडला नाही ते उमजते.

मग मुरूड, कोर्लई आणि रेवदंडा. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. आत माडांच्या वाड्यांमध्ये चर्चचा एक उंच मनोरा उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. शेजारीच चौल. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि विकायला आणलेला घोडा घेऊन थेट घाट चढून जुन्नरला गेला. बंदरावर उतरलेल्या माणसाचे पुढचे पाऊल घाटाकडेच पडते, ते असे. शेवटी मांडव्याहून बोटीने मुंबईला आणि दुसऱ्या दिवशी घारापुरीला. तिथली लेणी सोमवारी बंद असतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीची नौदलाच्या नौकेशी टक्कर झाली, त्यातही माणसे दगावली. तेव्हा बोटीत पाय टाकला की आधी तरंगजाकीट अंगात घाला. बोट खच्चून भरली असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा. अर्ध्या तासाने बंदर कुठे पळून जात नाही.

घरी परतलात की एकदा राजगडावर चढा. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात वेल्ह्याचा राजगड आहे आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यातले आणि पाण्याकाठचे किल्लेही आहेत. राजगडावर राहून ज्याने राज्य उभारले, त्यानेच आरमारही बांधले. डोंगर आणि समुद्र त्याने कधी वेगळे मानले नाहीत. आपण मात्र समुद्र मुंबईचा आणि डोंगर आपला, अशी वाटणी करून बसलो आहोत. आणि या वाटणीत हळूहळू आपल्या घाटवाटा मोडत चालल्या आहेत. त्या बुजल्या, तर खालच्या बंदरांचा अर्थही त्यांच्याबरोबर बुजेल. म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून ठेवा, मीठ कुठल्या वाटेने यायचे?

मास्तरांनी ते रंगीत पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि विचारले, "महाडची गाडी किती वाजता?"