अंगठा, पिन आणि प्रज्ञा : ज्येष्ठांच्या डिजिटल साक्षरतेविषयी

१२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तेथील कर्जखते, वह्या जाळून टाकल्या. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. खतात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नसे, आणि तरीही त्याखाली त्याच्या नावाने नांगराची निशाणी झालेली असे. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांची खते निबंधकासमोर करण्याची तरतूद झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातून या लुबाडणुकीचे मूळ अविद्येत आहे, हे दाखवून दिले.

आज त्या निशाणीची जागा यंत्रावरील बोटाच्या ठशाने घेतली आहे. देशातील पहिली आधार कार्डे २०१० साली आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आली. आता निराधारांचे अनुदान, लाडक्या बहिणीचा हप्ता, पीएम किसानची रक्कम थेट खात्यात जमा होते. मधला दलाल दूर झाला, ही मोठीच गोष्ट होय. परंतु खाते आपले, पैसा आपला आणि यंत्र मात्र दुसऱ्याच्या हाती, अशी नवी स्थिती निर्माण झाली आहे.

जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातशेती करून आणि हिरडा वेचून गुजराण करणाऱ्या आदिवासी कुटुंबांना बँकेची शाखा दूर पडते. म्हणून म्हातारी माणसे जवळच्या केंद्रावर ठसा लावून पैसे काढतात. आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या आजी मला सांगत होत्या, “सर, तो म्हणाला ठसा उमटंना, पुन्हा लावा. मी तीनदा लावला. पैसे एकदाच दिले.” पासबुक भरून घेतले तेव्हा रक्कम दोनदा वजा झालेली दिसली. आजींना सर्वाधिक दुःख पैशांचे नव्हते. “घरात सांगितलं तर म्हणतील, हिला काही कळत नाही,” असे त्या म्हणाल्या. त्या वाक्यानेच मला हा लेख लिहावयास लावले.

आधारवर चालणाऱ्या या व्यवहारात आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच पुरते. ओटीपी लागत नाही. म्हणून ज्येष्ठांना तीन सवयी लावाव्यात. ठसा उमटला नाही असे सांगितले, तर दुसऱ्यांदा बोट ठेवण्यापूर्वी पहिल्या प्रयत्नाची पावती मागावी. खात्याला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा, म्हणजे रक्कम निघताच संदेश येतो. ठशाचे काम वरचेवर पडत नसेल, तर आधारमधील ठसा कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. आधारच्या १९४७ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मात्र ठसा बंद असताना रेशन वा अनुदान अडू शकते, तेव्हा तो पुन्हा उघडण्याची रीतही त्याच वेळी शिकवली पाहिजे.

फोनवरील फसवणुकीची रूपे अनेक असली, तरी त्यांचे मर्म थोडक्यात सांगता येते. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे येण्यासाठी पिनही टाकावा लागत नाही आणि कोणाचा क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाला की तो चोर समजावा. दुसरे, व्हॉट्सॅपवर लग्नपत्रिका, गाडीचे चलन किंवा सरकारी योजना या नावाने एपीके फाइल येते. ते पत्र नव्हे, ते एक ॲप असते. ते फोनमध्ये शिरले की आपल्याला आलेले ओटीपी दुसरीकडे वाचले जाऊ शकतात. तिसरे म्हणजे ‘डिजिटल अटक’. गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन दरडावतो, तासन्‌तास समोर बसवून ठेवतो आणि सुटकेसाठी पैसे मागतो. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. पोलीस, न्यायालय वा सीबीआय फोनवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे भरून घेत नाहीत.

२०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीने सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. हे सारे निरक्षरांचेच गेले असे नव्हे. त्याच वर्षी लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना फसवले. ते तर पद्मभूषण किताबाचे मानकरी! तेव्हा माणूस फसतो तो केवळ अक्षर येत नाही म्हणून नव्हे. तो भीतीने, घाईने आणि अधिकाराच्या दडपणाने फसतो.

हे दडपण आपल्या समाजाला अधिक जवळून ठाऊक आहे. ज्यांच्या आजोबांना चावडीसमोर हात जोडून उभे राहावे लागले, त्यांच्या कानावर ‘साहेब बोलतोय’ हे शब्द पडले की आजही पाठ आपोआप वाकते. म्हणून डिजिटल साक्षरता म्हणजे केवळ बटणे दाबण्याचे शिक्षण नव्हे. साहेबाच्या आवाजाला ‘आधी खात्री करते, मग बोलते’ असे सांगण्याचे बळ येणे, हा तिचा गाभा आहे. केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते : परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः तपासा. या उपदेशाचा उपयोग आज फोन कानाला लावतानाही आहे.

भामट्याचे दुसरे हत्यार म्हणजे गुप्तता. ‘कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका,’ हे त्याचे पालुपद असते. याउलट जुन्नरच्या लेण्यांकडे पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील ब्राह्मी शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडील रकमांचीही नोंद आहे. कोणी काय दिले हे चारचौघांना दिसेल असे दगडात कोरून ठेवले. पैशाचा सचोटीचा व्यवहार उजेडाला भीत नाही, आणि जो व्यवहार घरच्यांपासून लपवायला सांगितला जातो, तो तिथेच थांबवावा.

आता शिकवावे कसे? नातवंडे फोन हिसकावून घेतात आणि ‘दे, मी करतो’ म्हणतात. त्याने काम होते, शिक्षण होत नाही. फोन आजीच्याच हातात राहावा, बोट तिचेच फिरावे आणि मुलाने शेजारी बसून वाट पाहावी. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी आणि आठवड्याने तीच पुन्हा करून घ्यावी. नुसते व्याख्यान देण्यापेक्षा नाटुकले करावे : मुलाने खोटा पोलीस व्हावे, आजोबांनी फोन कापण्याचा सराव करावा. पहिल्या खेपेस ते संकोचतात, तिसऱ्या खेपेस हसत हसत कापतात. हा संकोच घरात मोडला, तरच तो खऱ्या प्रसंगी मोडेल.

निवासी शाळेच्या पालकांसाठी एक खास इशारा. ‘तुमचा मुलगा पोलिसांनी पकडला आहे’, ‘मुलीला अपघात झाला, लगेच पैसे पाठवा’ असे फोन येतात. आता यंत्राच्या साह्याने लेकराच्या आवाजाची नक्कलही करता येते. मूल डोळ्यांसमोर नसते, त्यामुळे आईबापांचे काळीज चटकन हलते. अशा वेळी फोन ठेवून आधी वसतिगृहाच्या अधीक्षकांना त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर विचारावे. शिवाय प्रत्येक कुटुंबाने एक खुणेचा शब्द ठरवावा. तो सांगता आला नाही, तर पैसे पाठवू नयेत.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर क्षणही दवडू नये. १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. तो काढला जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर वाटेतच गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. आता आजींचे ते वाक्य पुन्हा आठवावे. ‘घरात काय म्हणतील’ या विचारात गेलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो. फसलेल्या माणसाला ज्या घरात बोल लावला जातो, त्या घरात पुढची फसवणूक लपवली जाते. शीलाचा भंग फसवणाऱ्याने केलेला असतो. फसलेल्याच्या वाट्याला करुणा यावी.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याचा मंत्र दिला, तो वयाची अट घालून नव्हे. या शाळेने अनेक घरांतील पहिली अक्षरे गिरवून घेतली. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, सुट्टीत गावी जाल तेव्हा विहारात किंवा समाजमंदिरात चार ज्येष्ठांना जमवा आणि त्यांच्यासोबत एक तास बसा. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या घराच्या भिंतीवर लावा. तुमच्या पहिल्या पाटीसाठी ज्यांनी मजुरीतले पैसे बाजूला काढले, त्यांची पुंजी सुरक्षित ठेवणे हे तुमच्या शिक्षणाचे देणे आहे.